गवताखालचे गाव



ज्या व्यासपीठावर थोर पंडितांनी इतिहास सांगावा, तेथे एका युनियनवाल्याने उभे राहावे, हे कोणाला थोडे धारिष्ट्याचे वाटले तर ते रास्तच आहे. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, रेल्वेच्या डब्यात आणि नगरवाचनालयाच्या बाकावर. तेव्हा पांडित्याची अपेक्षा आपण ठेवू नये. एका उठवलेल्या गावाची हकीकत जशी मला उलगडत गेली तशी मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

कामगार चळवळीत वावरणाऱ्या माणसाला टॉलपडल हे नाव ठाऊक असते. इंग्लंडच्या दक्षिणेस डॉर्सेट परगण्यात हे खेडे आहे. तेथील सहा शेतमजुरांना १८३४ साली, युनियन काढली म्हणून, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांच्याविषयी वाचताना भोवतालच्या मुलखाचा नकाशा मी समोर घेऊन बसलो होतो. टॉलपडलच्या उत्तरेस पाचएक मैलांवर मिल्टन ॲबस नावाचे गाव दिसले. त्याचे चित्र पाहिले तर ते फार देखणे. एकच रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना सारखी पांढरी घरे, वर गवताचे जाड छप्पर, दारापुढे हिरवळ. जुने गाव इतके एकसारखे कसे? आपल्याकडचे असो की त्यांच्याकडचे, गाव वेडेवाकडेच वाढते. एकाने ओटा पुढे काढला, दुसऱ्याने परसू मागे घेतले, असे करतच गल्ल्या होतात. हे गाव मात्र पट्टीने आखल्यासारखे. मग कळले, की ते आखलेलेच आहे. खरे मिल्टन जवळच दुसऱ्या ठिकाणी होते आणि आज ते गवताखाली आहे.

गवताखालचे गाव ओळखावे कसे, हे आधी सांगितले पाहिजे. घर पडले की भिंतीची माती तेथेच बसते. लाकूड, दगड लोक उचलून नेतात; पण जोते राहते. त्यावर गवत उगवते आणि हातभर उंचीचा एक चौकोनी उंचवटा तयार होतो. दोन ओळींतल्या उंचवट्यांमधून खोलगट पट्टा जातो, तो रस्ता. शेकडो वर्षे माणसे, गुरे आणि गाड्या जाऊन रस्ता झिजतो, पावसाचे पाणी त्यातून वाहते आणि तो आजूबाजूच्या जमिनीहून खाली बसतो. घरामागे परड्याचा बांध, त्यापलीकडे जुन्या शेतीचे सरी-वरंबे. दुपारी त्या कुरणातून चालत गेलात तर काही दिसणार नाही. सकाळ-संध्याकाळी ऊन तिरपे पडले, की प्रत्येक बांधाची सावली पडते आणि सारे गाव जमिनीतून वर येते. विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत तर गल्ल्या मोजता येतात.

ही दृष्टी आपल्याला परकी नाही. शेती ती काळी आणि वस्ती ती पांढर, हा भेद आपला शेतकरी मातीच्या रंगावरून करतो. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण आणि भिंतींची माती मिसळून वस्तीची जमीन पांढुरकी होते. गाव उठले तरी पांढर राहते. आपल्या महसुली दप्तरात अशा गावाला शब्द आहे, ‘बेचिराख’. जेथे दिवा लागत नाही ते गाव. कारकुनाने लिहिलेल्या शब्दांत इतका करुण शब्द दुसरा मला आढळलेला नाही.

मी हे पहिल्यांदा पाहिले ते पुस्तकात नव्हे. माझे आजोळ एका धरणाच्या पाण्याखाली गेले तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा होतो. पुढे एका दुष्काळात पाणी फार खाली गेले आणि मामा मला जुने गाव दाखवायला घेऊन गेले. गाळावर भेगा पडल्या होत्या. मला काहीच ओळखू येईना. मामा मात्र सरळ चालत होते. एका जोत्यावर मी चढलो तसे ते म्हणाले, ‘‘पायातलं काढ. सैपाकघरात उभा हायस.’’ मी चपला काढल्या. त्या दिवसापासून जमिनीचा उंचवटा दिसला की मी जरा थबकतो.

इंग्लंडमध्ये अशी तीन हजारांवर उजाड गावे मोजली गेली आहेत. त्यांच्या अभ्यासाला शिस्त आली ती गेल्या शतकाच्या मध्यावर. मॉरिस बेरेसफर्ड या अर्थशास्त्रीय इतिहासकाराने १९५४ साली या हरवलेल्या गावांवर ग्रंथ लिहिला. यॉर्कशायरमधील व्हॅरम पर्सी या गावी त्यांनी आणि जॉन हर्स्ट यांनी १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षे, दर उन्हाळ्यात स्वयंसेवकांच्या मदतीने उत्खनन चालवले. राजेरजवाड्यांची थडगी उकरण्यात पुरातत्त्वाची हयात गेली होती. येथे कुळांची घरे, चुली आणि फुटकी गाडगी यांसाठी चाळीस उन्हाळे खर्ची पडले. या अभ्यासातून एक समजूत बाजूला सरली. १३४८ च्या महामारीने ही गावे ओस पाडली, असे पूर्वी सांगत. महामारीने माणसे फार मेली, गावे दुबळी झाली, हे खरे. परंतु साफ उजाड झालेल्यांपैकी पुष्कळ गावे त्यानंतर शंभर-दीडशे वर्षांनी उठली, आणि ती उठवली मेंढ्यांनी. लोकरीला भाव आला, नांगरटीपेक्षा कुरणात पैसा अधिक दिसला, मेंढ्यांना एक मेंढपाळ पुरला. व्हॅरम पर्सीची अखेरची घरे १५०० च्या सुमारास अशीच गेली.

अठराव्या शतकात तिसरे कारण पुढे आले, आणि ते नफ्याचेही नव्हते. ते होते देखाव्याचे. मिल्टनची कथा या तिसऱ्या प्रकारात मोडते.

मिल्टनचे मूळ नाव मिडलटन. दहाव्या शतकात ॲथेलस्टन राजाने येथे मठ स्थापला; ९६४ साली तेथे बेनेडिक्ट पंथाचे साधू आले. १३०९ साली वीज पडून मठाचे चर्च जळाले. ते पुन्हा बांधायला घेतले, पण कधीच पुरे झाले नाही. अर्धेच असूनही ते एखाद्या महामंदिरासारखे भव्य आहे. आपल्याकडे मोठ्या देवस्थानाभोवती जशी पेठ वसते तशी या मठाच्या दाराशी पेठ वसली. बाजार भरू लागला. खाणावळी आल्या, बिअर गाळणारे आले. १५२१ साली मठाधिपती विल्यम मिडलटन यांनी तेथे ग्रामर स्कूल काढले. म्हणजे हे नुसते खेडे नव्हते. आजूबाजूच्या खेड्यांनी बाजाराला आणि शिक्षणाला यावे असे ते लहानसे शहर होते.

आठव्या हेन्रीने मठ मोडले तेव्हा १५३९ साली हाही मठ गेला. ज्या सरकारी अधिकाऱ्यांनी मठ ताब्यात घेतला त्यांतले एक सर जॉन ट्रेगॉनवेल. पुढच्याच वर्षी त्यांनी ती सारी मालमत्ता एक हजार पौंडांना विकत घेतली. जप्ती करणारा आणि खरेदी करणारा एकच, हा प्रकार आपल्याला नवा वाटू नये. परंतु ट्रेगॉनवेल घराण्याच्या दोनशे वर्षांत पेठ नांदत राहिली. १६७४ साली त्या घराण्याने निराधार म्हाताऱ्यांसाठी तेथे धर्मादाय घरेही बांधली.

१७५२ साली ही मालमत्ता जोसेफ डेमर यांनी घेतली. घराण्याचा पैसा चुलत आजोबांनी आयर्लंडमध्ये सावकारीत मिळवलेला. पत्नी लेडी कॅरोलाईन मात्र डॉर्सेटच्या ड्यूकची कन्या. १७५३ साली डेमर लॉर्ड मिल्टन झाले. पैसा होता, पदवी आली, आता तिला शोभेसा वाडा हवा होता. सर विल्यम चेंबर्स हे नावाजलेले वास्तुविशारद मठाच्या जागी नवा वाडा उभारू लागले. भोवतालची उपवने रचण्याचे काम लॅन्सलॉट ब्राऊन यांच्याकडे होते. त्या काळी इंग्लंडच्या उमरावांना ब्राऊन यांनी वेड लावले होते. आखीव वाफे आणि कारंजी काढून टाकून ते असा देखावा निर्माण करीत, की हिरवळीचे उतार, झाडांची बेटे आणि खाली चमकणारे तळे हे सारे निसर्गानेच केले आहे असे वाटावे. अशा देखाव्यात खाटकाचे दुकान, दारूचे गुत्ते आणि शाळेची पोरे बसत कशी? वाड्याच्या खिडकीतून पाहिले की समोर पेठ! तेव्हा पेठ हलवायची असे ठरले.

शंभरावर घरांचे गाव उठवायचे कसे? श्रोतेहो, माझ्या दृष्टीने या साऱ्या इतिहासाचे मर्म येथे आहे. सैन्य आले नाही, आग लावली नाही. इंग्लंडच्या त्या भागात घरे-जमिनी ‘तीन हयातींच्या’ पट्ट्याने देण्याची वहिवाट होती. कुळाने पट्टा घेताना तीन नावे सांगायची. बहुधा स्वतःचे, बायकोचे आणि मुलाचे. तिघांपैकी एकही जिवंत असेतो घर त्या कुटुंबाकडे. एक नाव गेले की नजराणा भरून नवे नाव चढवून घ्यायचे. अशा रीतीने घर पिढ्यान्‌पिढ्या चालत राही, आणि ते आपलेच आहे असे कुळाला वाटू लागे. परंतु नवे नाव चढवणे न चढवणे मालकाच्या मर्जीवर होते. मालकाने मर्जी आवरली, की काम झाले. जो पट्टा विकेल त्याचा विकत घ्यावा. जो विकणार नाही त्याच्या मरणाची वाट पाहावी. घर रिकामे झाले की पाडावे. या पद्धतीने मिल्टन उठायला वीसएक वर्षे लागली.

हे वाचताना मला माझ्या कामातले अनुभव आठवले. एक कारखाना मी असाच बंद पडताना पाहिला. कोणाला काढले नाही, टाळे लावले नाही. निवृत्त होईल त्याची जागा भरायची नाही, एवढेच. आम्ही दरवाजावर सभा घ्यायला गेलो तेव्हा ऐकायला चाळीसच माणसे उरली होती. एका दिवसात झालेला अन्याय माणसांना एकत्र आणतो. वीस वर्षे चाललेला अन्याय प्रत्येकाला एकटा गाठतो. मिल्टनमध्ये ज्याचे घर आज पडत होते त्याच्या शेजाऱ्याला अजून दोन हयाती शिल्लक वाटत होत्या.

तरीही एकजण अडला. विल्यम हॅरिसन नावाचा वकील त्या गावात राहत होता. त्याच्या पट्ट्याची मुदत शिल्लक होती आणि तो विकायला तयार नव्हता. तेव्हा लॉर्ड मिल्टन यांनी तळ्याची मोरी उघडून त्याच्या घरात पाणी सोडवले, हॅरिसनने दावा लावला आणि तो जिंकला, असे परंपरेने सांगतात. सांगताना गोष्टीत थोडी भर पडली असेल. पण त्यातला एक भाग विचार करण्यासारखा आहे. जो जिंकला तो शूर होता म्हणून नव्हे. त्याच्या हातात मुदतीचा कागद होता, आणि कागद वाचता येत होता. शेजारच्या चांभाराने किंवा धोबिणीने तेवढ्याच धैर्याने नकार दिला असता, तर तो नकार कोणत्या कोर्टात टिकला असता?

शाळेचे काय झाले तेही ऐका. अडीचशे वर्षांची ती शाळा सहजी हलेना, म्हणून १७८५ साली पार्लमेंटचा कायदा करवून ती ब्लँडफर्डला पाठवली. नियतीचा खेळ असा, की ज्या वाड्याला शाळेचा गलबला सोसवला नाही त्याच वाड्यात १९५४ साली शाळा उघडली.

आता दुसरी बाजू. ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. लॉर्ड मिल्टन यांनी लोकांना उघड्यावर टाकले नाही. ब्राऊन यांनी १७७३ साली नव्या वस्तीसाठी आराखडे दिले आणि वाड्यातून दिसणार नाही अशा एका खोऱ्यात १७८० च्या सुमारास नवे गाव उभे राहिले. छत्तीस घरे, चिखल आणि पेंढा कालवून घातलेल्या जाड भिंती, गवताची शाकारणी, दोन घरांच्या मध्ये चेस्टनटचे झाड. धर्मादाय घरे १७७९ साली उचलून नव्या रस्त्यावर आणली. १७८६ साली नवे चर्च बांधले. जुन्या पेठेतल्या गळक्या, कोंदट खोल्यांच्या तुलनेत कित्येकांना ही घरे बरी वाटली असतील. लॉर्ड मिल्टन हा राक्षस होता असेही मला म्हणायचे नाही. १७७५ साली लेडी कॅरोलाईन वारल्या. मठाच्या चर्चमध्ये त्यांची संगमरवरी समाधी आहे, कार्लिनी या शिल्पकाराने घडवलेली. पत्नी निजलेली आहे आणि पती कोपरावर रेलून तिच्याकडे पाहत आहे. त्या दगडात खरे दुःख आहे. दुसऱ्याच वर्षी थोरल्या मुलाने कर्जापायी आत्महत्या केली. १८०८ साली धाकटा मुलगा निपुत्रिक वारला आणि पदवीही संपली.

मग तक्रार कशाची? घर तर मिळाले. श्रोतेहो, थोडे गणित करू. छत्तीस घरांतल्या प्रत्येकात दोन कुटुंबे, म्हणजे बहात्तर बिऱ्हाडे. बाहेरून एक घर दिसावे म्हणून दार दोघांत एक. जुनी घरे शंभरावर होती. तेव्हा सगळ्यांना जागा नव्हतीच. त्याहून मोठी गोष्ट अशी, की जुन्या मिल्टनला बाजार होता. बाजार आहे तेथे माणूस कोणा एकाचा बांधील नसतो. खाणावळवाला वाटसरूवर जगतो, चांभार दहा गावांचे जोडे शिवतो, मास्तरला शाळेचे वेतन असते. नव्या मिल्टनमध्ये घर मालकाचे, काम मालकाचे आणि चर्चही मालकाने बांधलेले. शहर गेले आणि त्याच्या जागी एका धन्याच्या नोकरचाकरांची आळी आली. घरे सुधारली; माणसाची पायरी उतरली. छप्पर मोजणाऱ्याला हा तोटा दिसत नाही.

मिल्टन एकटे नव्हते. ऑक्सफर्डजवळच्या न्यूनम कोर्टने गावाला लॉर्ड हारकोर्ट यांनी १७६० नंतर असेच उठवून सडकेच्या कडेला दोन ओळींत बसवले. एका म्हाताऱ्या बाईने गयावया केली म्हणून तिला तेवढे जुन्या झोपडीत मरेपर्यंत राहू दिले, असे सांगतात. ऑलिव्हर गोल्डस्मिथ या कवीने १७७० साली उजाड खेड्यावरची आपली प्रसिद्ध कविता छापली, तिच्यामागे हेच गाव असावे असे अनेक अभ्यासक मानतात. मिल्टनला तसा कवी मिळाला नाही. त्याला साक्षीदार मिळाले दोनच: माती आणि एक नकाशा.

मातीची साक्ष अशी. वाड्यापुढून उतरत जाणाऱ्या हिरवळीत आजही रस्त्यांचे खोलगट पट्टे आणि घरांची जोती शिल्लक आहेत. ब्राऊन यांच्या माणसांनी जमीन सारखी केली, तळे केले, झाडे लावली. तरी सहाशे-सातशे वर्षांची रहदारी पुसली गेली नाही. आणि नकाशाची साक्ष अशी, की पेठ उठत असताना, १७७० च्या सुमारास, मालमत्तेच्या हिशेबासाठी तिची मोजणी झाली होती. त्या कागदावर रस्ते आहेत, घरांच्या जागा आहेत. म्हणून आज अभ्यासक तेथे उभा राहून हा मार्केट स्ट्रीट असे बोट दाखवून म्हणू शकतो. मालकाने आपल्या सोयीसाठी काढवलेला कागद कुळांच्या बाजूचा साक्षीदार ठरला. नकाशा नसता तर ते उंचवटे नुसते उंचवटे राहिले असते. माझ्या आजोळच्या जोत्याला जसे मामा लागले तसे मिल्टनच्या जोत्यांना तो कागद लागला.

आता पाच मैल दक्षिणेला टॉलपडलकडे या. मिल्टनची शेवटची घरे पडल्यानंतर चाळीसएक वर्षांनी तेथील शेतमजुरांची आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून आठ, मग सात झाली आणि सहा होणार असे दिसू लागले. १८३३ साली जॉर्ज लव्हलेस आणि त्याच्या सोबत्यांनी शेतमजुरांचा संघ काढला आणि गुप्त शपथ घेतली. युनियन काढणे तेव्हा गुन्हा नव्हता. म्हणून १७९७ सालचा बेकायदा शपथांचा कायदा शोधून काढला गेला आणि सहा जणांना सात वर्षांसाठी ऑस्ट्रेलियाकडे धाडले. देशभर गदारोळ झाला. १८३६ साली त्यांना माफी द्यावी लागली. मिल्टनने टॉलपडल घडवले, असे मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही. पण एकाच परगण्यातल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मला एक फरक दिसतो. मिल्टनमध्ये एकाजवळ कागद होता आणि तो एकटाच टिकला. टॉलपडलच्या सहाजणांजवळ कागद नव्हता. त्यांनी एकमेकांना शब्द दिला. आमची सारी चळवळ त्या शब्दातून निघाली आहे.

आपल्याकडे हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. १९२१ साली मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. ते धरण मुंबईला वीज पुरवण्यासाठी होते. गिरणीतल्या ज्या मजुराच्या मागावर ती वीज खेळली, त्याच्याच जातकुळीचा शेतकरी तिकडे उठला, हे आम्ही कामगारांनीही विसरता कामा नये. वीज नको, धरणे नकोत, असे म्हणणारा मी नव्हे. लॉर्ड मिल्टन यांचे तळे आणि तहानलेल्या तालुक्याचे धरण यांत फरक आहे. परंतु ज्याला उठवायचे त्याला आधी विचारले काय, आणि नव्या जागी त्याला छपराखेरीज काय मिळाले, हे दोन प्रश्न दोन्हीकडे तेच राहतात.

शेवटी एक विनंती करतो आणि थांबतो. या सभागृहात बसलेल्यांपैकी अनेकांचे गाव, निदान आजोळ, धरणात, कारखान्यात किंवा रस्त्यात गेले असेल. तेथले गल्लीबोळ ज्यांच्या डोळ्यांपुढे आहेत ती माणसे आता सत्तरी-ऐंशीला टेकली. या सुट्टीत एक मोठा कागद घेऊन त्यांच्यापुढे बसा. वेशीपासून सुरुवात करा. विहीर कोठे, पार कोठे, कोणाच्या घराला लागून कोणाचे घर, हे ते सांगतील तसे काढा. चुकले तर दुसऱ्या म्हाताऱ्याला दाखवून दुरुस्त करा. त्यावर गावाचे नाव आणि तारीख घाला आणि एक प्रत आपल्या वाचनालयात आणून द्या. माझ्या मामांचा कागद मी असाच करायला घेतला होता. वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंतची आळी झाली, आणि मामा गेले. पलीकडची आळी कोरीच आहे.